कोणी कोणाला कळवायचं?

डॉक्टरांनी बंडूची रक्त पातळ करणारी गोळी निम्म्यावर आणली आणि फार्मसीच्या स्क्रीनवर ढिम्म काही बदललं नाही. बंडू म्हणजे माझा टेस्ट पेशंट, फक्त कॉम्प्युटरमध्ये आजारी असलेला माणूस, म्हणून निभावलं. खराखुरा असता तर जुन्याच डोसने त्याला रक्तस्राव झाला असता.

साल २००६. मी अमेरिकेत, प्लेनोमधल्या एका कंपनीत टेस्टर होते. आखातातल्या एका हॉस्पिटलसाठी औषधं देण्याचं सॉफ्टवेअर बनत होतं. त्यांच्या रिक्वायरमेंट्स, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं याची लेखी यादी, अरबीत होत्या. आमच्याकडे एका एजन्सीने केलेलं इंग्लिश भाषांतर होतं आणि त्यावर गोल शिक्का होता. शिक्क्यापुढे कोणी काही वाचत नाही.

मी मंदारकडे गेले. पुण्याचा, हुशार डेव्हलपर. त्याने भाषांतरातलं वाक्य दाखवलं: फार्मासिस्ट डोसमधला बदल कळवतो. त्याप्रमाणे त्याने फार्मासिस्टच्या स्क्रीनवर 'कळवा' असं सुरेख निळं बटण दिलं होतं.

"पण मुळात फार्मासिस्टला कोण कळवणार?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही यार. आउट ऑफ स्कोप."

आमचा मॅनेजर ग्रेग याने तातडीने मीटिंग घेतली. मग हा बग आहे की चेंज रिक्वेस्ट, हे ठरवायला दुसरी. बग म्हणजे चूक आपली, चेंज रिक्वेस्ट म्हणजे चूक क्लायंटची. त्यामुळे निर्णय काय होणार हे उघड होतं. पेशंटचं काय होईल हा विषय अजेंड्यावर नव्हता. भाषांतर सर्टिफाइड आहे, असं ग्रेगने तीनदा सांगितलं.

मी मूळ अरबी पान घेऊन नादियाकडे गेले. नादिया इजिप्तची, पगार काढणाऱ्या पेरोल विभागात होती, आमच्याच मजल्यावर. दोन वर्षं ती आम्हा सगळ्यांना मायक्रोवेव्हपाशी भेटत होती, पण तिला विचारावं असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अरबी ही तिची नुसती मातृभाषा होती, तिच्यावर शिक्का नव्हता.

तिने वाक्य वाचलं आणि म्हणाली, "यातलं कुठलं वाचून दाखवू? इथे दोन वाक्यं आहेत."

मग तिने समजावलं. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणारा ते संदर्भाने भरतो. तीच अक्षरं 'युबल्लिगु' वाचली तर फार्मासिस्ट कळवतो. 'युबल्लगु' वाचली तर फार्मासिस्टला कळवलं जातं. अक्षराखाली छोटी तिरकी रेघ दिली की पहिला अर्थ, वर दिली की दुसरा. हॉस्पिटलवाल्यांनी ती दिली नव्हती, कारण त्यांच्या मते अर्थ सरळ होता. एजन्सीच्या मतेही सरळच होता, फक्त उलटा.

नादियाने आठवडाभर लंच टाइम घालवून अशीच दोन अर्थांची आणखी अकरा क्रियापदं शोधली. ती यादी बघून ग्रेगला नाइलाजाने क्लायंटला फोन लावावा लागला. तिकडे हॉस्पिटलच्या मुख्य फार्मासिस्ट होत्या, अतिशय मृदू आवाजाच्या बाई. नेमका कुठला अर्थ अपेक्षित आहे, असं ग्रेगने अदबीने विचारलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे जे फार्मासिस्टला माहीतच नाही, ते त्याने कळवायचं, असं सॉफ्टवेअर तुम्ही सहा महिने बनवत होतात?"

ग्रेगने फोन म्यूट केला.

प्रॉडक्ट दीड महिना उशिरा गेलं, पण गोळी बदलली की फार्मासिस्टला कळू लागलं. त्यानंतर अरबी क्रियापदांवर रेघा द्यायच्या आणि प्रत्येक वाक्यात कोण, काय, कोणाला हे लिहायचं, असा नियम झाला. ग्रेगने त्या नियमाला भारदस्त इंग्लिश नाव देऊन वरिष्ठांपुढे प्रेझेंटेशन केलं आणि तो डायरेक्टर झाला. नादियाला कंपनीचा लोगो असलेला कॉफी मग मिळाला.

मी एवढंच शिकले: रिक्वायरमेंटमध्ये कर्ता धड लिहिलेला नसला, की शेवटी त्या जागी टेस्टरचं नाव लागतं आणि कळवायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं.