एल्वूड लाइबीने परत पाठवलेली नळी

एल्वूड लाइबीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. उठल्यावर तो आधी बापाच्या खोलीच्या दाराला कान लावायचा. आत घरघर ऐकू आली की मग कॉफी ठेवायची. साडेचारला त्याची गाडी माझ्या फाटकाशी उभी असायची. निळ्या डोंगराच्या पायथ्याच्या सिमेंट कारखान्यात आम्ही दोघांनी सव्वीस वर्षं काढली. मी लेथवर होतो, तो भट्टीवर.

त्याचा बाप इर्विनही त्याच भट्टीवर झिजला होता. सिमेंटच्या धुळीने त्याची फुफ्फुसं गेली होती. त्याआधी चाळीस वर्षं आमच्या खोऱ्यात नववर्षाचं मागणं तोच म्हणायचा. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री बंदूकवाले निघतात. प्रत्येक घरापुढे मागणं म्हणणारा घरधन्याला नावाने हाक मारतो, आमच्या जर्मन पूर्वजांच्या बोलीतलं, घरादाराला आणि गुरांना आशीर्वाद देणारं लांबलचक मागणं म्हणतो आणि बार उडवायची परवानगी मागतो. मग गोळी न भरता नुसत्या दारूचे बार. त्यानंतर आत जाऊन सॉसेज आणि काकवीची बिस्किटं.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात डॉक्टरांनी इर्विनला फार तर वर्ष दिलं. त्याने एकच गोष्ट मागितली.

"या नववर्षाला माझ्या दारात जुनी बंदूक उडू दे. त्या पोरांच्या शॉटगना नकोत."

जुनी बंदूक म्हणजे त्याच्या खापरपणजोबाची, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी. इर्विन चौदा वर्षांचा असताना त्याने ती नववर्षाला उडवली आणि धुवायचा कंटाळा करून दारामागे टेकवून ठेवली. काळ्या दारूची राख लोखंड खाते. उन्हाळ्यात त्याच्या बापाने बंदूक काढली तेव्हा नळीच्या बुडाशी वीतभर चीर पडलेली होती. बाप त्यावर एक शब्द बोलला नाही. इर्विनला ते मारापेक्षा लागलं असावं, कारण अठ्ठावन्न वर्षांनीही तो ते कालच घडल्यासारखं सांगायचा.

एल्वूडने जुनी नळी तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवली आणि तो नवी शोधायला लागला. पैशांसाठी तो शनिवारच्या पाळ्या करू लागला. भट्टी थंड करून आतल्या विटा बदलायच्या. थंड म्हणजे नावाला; बुटांखाली लाकडी फळ्या बांधून आत उतरावं लागे. हे काम मागून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या काळच्या नळ्या सरळ नसतात. बुडाशी जाड, कमरेत बारीक आणि तोंडाशी पुन्हा थोड्या जाड. लाकडी दस्त्यातली नळी बसायची खाचही त्याच वळणाची. पहिली नळी आली ती सूचिपत्रातून, लांब आणि सरळ, पाण्याच्या पाइपासारखी. ती त्याच दिवशी परत गेली. दुसरी सप्टेंबरात आली. तिला कंबर होती. एल्वूडने ती खिडकीकडे धरून आत पाहिलं; चौकटीची सावली आतून दोरीसारखी सरळ गेली, म्हणजे नळीला बाक नव्हता. गोळीला फिरकी देणारे आतले पीळही स्वच्छ. पण कंबर दोन इंच पुढे सरकलेली.

इर्विन स्वयंपाकघरात खुर्चीत बसून पाहत होता.

"नळी आहे की नवरी? किती पारखशील?"

"पॅप, ही बसवायची तर दस्त्याचं दोन इंच लाकूड तासावं लागेल."

"मग तास! लाकडाला दम लागत नाही, मला लागतो."

"खापरपणजोबाच्या हाताचं लाकूड आहे ते. एकदा गेलं की गेलं."

"त्याला सांग, इर्विनने तासायला लावलं. तसंही माझ्यावर एक खापर आहेच, आणखी एक ठेवा."

एल्वूडने माझ्याकडे पाहिलं. "स्टर्लिंग, तू सांग."

मी आयुष्यभर केसाच्या जाडीच्या मापांवर पोट भरलेला माणूस. मी खाचेत बोट फिरवलं, नळीवर फिरवलं आणि म्हणालो, "परत पाठव."

इर्विन हसला. हसता हसता खोकला. "दोघेही माझ्या बापासारखे," म्हणाला. "बरोबर, आणि काही कामाचे नाहीत."

वेस्ट व्हर्जिनियात एक म्हातारा एकटा नळ्या करायचा. पीळ हाताने ओढून कापायचा, एकेका पिळाला शंभर फेऱ्या. एल्वूडने त्याला दस्त्यातल्या खाचेची मापं कागदावर उतरवून पाठवली. पोस्टकार्डावर उत्तर आलं: तुमच्या आधी अकराजण आहेत. एल्वूडने पुन्हा लिहिलं, बापाचं सांगितलं. दुसरं कार्ड आलं: घाईची नळी हवी असेल तर दुसरीकडे पाहा. त्याचा मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

नववर्षाला बंदूकवाले फटफटताना लाइबींकडे पोचले. नव्या माणसाने मागणं म्हटलं आणि एक ओळ गाळली. इर्विन खिडकीतून ओरडला, "अरे, माझ्या गायी राहिल्या! गायींना आशीर्वाद कोण देणार, तुझी सासू?" सगळे हसले. मग सहा शॉटगनांचे बार झाले. इर्विनने खिडकी लावून घेतली. एल्वूडला म्हणाला, "वाईट नव्हते," आणि तोंड भिंतीकडे केलं.

नऊ फेब्रुवारीला तो गेला.

नळी एप्रिलात आली. आम्ही ती खाचेत ठेवली तर मधे सिगारेटचा कागद शिरेना. लाकडाला पटाशी लावावी लागली नाही. एल्वूडने दस्त्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "सप्टेंबरात तासलं असतं तर कुणाला कळलं असतं रे?"

"तुला आणि मला," मी म्हणालो.

"पॅपला चाललं असतं."

मी नळी पुसून खाचेत पक्की केली.

नवी नळी हातात धरून उडवायच्या आधी दुप्पट दारू भरून तपासावी लागते. शेताच्या टोकाला जुन्या टायरला बंदूक बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्ही अक्रोडाच्या झाडामागे उभे राहिलो. एल्वूडने दोरी ओढली. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. नळीला काही झालं नव्हतं. त्याने तिथेच गरम पाणी ओतून ती तीनदा धुतली, तेल लावलं आणि बंदूक घरात नेऊन खुंट्यांवर ठेवली. नंतर कुठल्याच नववर्षाला ती खाली काढली नाही.

भट्टीतल्या एकोणतीस शनिवारांचा मोबदला म्हणून त्याला तो एक बार मिळाला.