लॅमिनेट केलेला जन्मदाखला

थांबा, बाकी सगळं राहू दे, हे आत्ताच सांगतो, नाहीतर परत हिंमत व्हायची नाही.

मला जर्मनीत कॉलेज मिळालं होतं. खरंच! उलव्याच्या बाजूच्या आमच्या गावातून पहिलाच मी. त्यांना फक्त माझा जन्मदाखला हवा होता. शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून इंग्रजी करून, आणि मूळ कागदावर सरकारी शिक्का मारून. मुदत महिनाभराची.

पनवेलला एक बाई हे काम करायच्या, जिन्याखालच्या छोट्या ऑफिसात. आई पण आली, ठेवणीतली साडी नेसून. तिनेच पिशवीतून दाखला काढला. चकचकीत, कडक, लॅमिनेट केलेला. एका वर्षी घरात खाडीचं पाणी शिरलं होतं, तेव्हापासून कुठलाही कागद घरात आला की आई आधी लॅमिनेशनवाल्याकडे पळायची. माझं बालवाडीचं प्रगतिपुस्तकसुद्धा सोडलं नाही तिने.

बाईंनी दाखला उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढला.

"भाषांतर मी उद्याच देते रे बाळा. पण सरकारी शिक्का मूळ कागदाच्या मागे मारतात. प्लास्टिकवर कसा मारणार? असा कागद ते हातातसुद्धा घेत नाहीत."

दुसरा काढू, त्यात काय, असं मला वाटलं. पण आमचं गाव विमानतळाच्या जागेत गेलेलं. ग्रामपंचायत उठली, दप्तर गठ्ठे बांधून कुठे कुठे गेलं. मी चार ऑफिसं फिरलो. शेवटच्या क्लार्कने बिचाऱ्याने गठ्ठे सोडून दाखवले, नेमकं माझ्या वर्षाचं रजिस्टर नव्हतं. कोर्टातून नवी नोंद करून घे म्हणाला, सहा-आठ महिने धर. माझ्याकडे बारा दिवस होते.

मग प्लास्टिक सोडवायला घरी इस्त्री गरम केली. आईनेच. कोपरा सुटला, मला वाटलं जमतंय, आणि अख्खं प्लास्टिक वर आलं ते ग्रामसेवकाची सही आणि माझं अर्धं नाव घेऊनच.

आई इस्त्री बंद करायची पण विसरली.

"भिजू नये म्हणून केलता ना मी. आता काय इलाज नाय का?"

नाय, म्हणालो मी.

मुदत गेली. कॉलेजने परत मेल पण केला नाही. कोर्टाचा कागद आला, कधीतरी, खूप उशिरा. तो मी आईपुढे धरला तर तिने हात मागे घेतला. तूच ठेव म्हणाली.

तुमच्या घरी पण कोणी असं जपून ठेवलंय का हो काही? आणि कुणाचं ते प्लास्टिक नीट सुटलंय का कधी?