पुण्याच्या बाईंचं पोटाचं शास्त्र

पन्नाशी उलटली, पाळी गेली आणि माझं पोट माझं ऐकेनासं झालं. दुपारी दोन घास खाल्ले की संध्याकाळपर्यंत नगारा. शाळेत तास घेताना पोटात गुडगुड व्हायची आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. आमच्या सांगलीच्या चर्चच्या भगिनी मंडळात सगळ्या माझ्याच वयाच्या. प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या की कुणाचा गॅस, कुणाची जळजळ, कुणाचं पोट साफ होत नाही. तेव्हा आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीनं, पाळकीणबाईंनी, पुण्याहून एक वक्त्या बोलावल्या. विषय, ‘ख्रिस्ती स्त्री आणि तिचं पोट’.

बाई आल्या त्या मोरपंखी साडीत, सोबत दोन मोठी खोकी. म्हणाल्या, शरीर हे प्रभूचं मंदिर आहे आणि तुम्ही त्यात मिरच्या कोंबता. इथवर ठीक. पुढे म्हणाल्या, पित्त म्हणजे मनातला कडवटपणा. कुणाला तरी क्षमा केलेली नाही, म्हणून घशाशी येतं. बायका माना डोलावू लागल्या. खोक्यांत बियांची पावडर होती, पवित्र भूमीतली म्हणून सांगितलेली अंजिरं होती आणि ऑलिव्हच्या तेलाच्या बाटल्या. रोज सकाळी अनशापोटी अर्धी वाटी तेल प्यायचं, की आतली घाण धुऊन निघते.

मला राहवलं नाही. मी विचारलं, “बाई, बायबलात प्रेषितानं आपल्या आजारी सोबत्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. त्याचं काय?”

“तो नुसता रस होता. दारू नव्हे,” बाई म्हणाल्या.

“मग आमची तासगावची द्राक्षं काय वाईट? पावडर कशाला?”

दोघीतिघी हसल्या. पाळकीणबाईंनी डोळे वटारले आणि लगेच गीत सुरू केलं. गीत संपेपर्यंत निम्मं खोकं खपलं होतं.

पण माझ्या शेजारी बसलेली वन्सं हसली नव्हती. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, विधवा, आष्ट्याला एकटी राहते. खास या सभेसाठी आली होती. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. त्या बाईंना सांगितली. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, सासूबद्दल अढी आहे.

आता सासूबद्दल अढी नाही अशी सून आष्ट्यात शोधायची कुठे? पण वन्संना ते दैवी ज्ञान वाटलं. दुसऱ्या दिवशी ती दफनभूमीत गेली, कैक वर्षांपूर्वी गेलेल्या सासूच्या थडग्यापुढे उभी राहिली आणि मोठ्यानं तिला क्षमा केली. घरी येऊन तेल प्यायली.

कळ वाढली. वन्संनी पुण्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, “विष बाहेर पडतंय, भगिनी. धीर धरा.” वन्संनी धीर धरला आणि आणखी तेल प्यायलं.

मला कळलं ते वन्संच्या शेजारणीच्या फोनवरून. मी शाळेतून तशीच आष्ट्याला निघाले. वन्सं गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर पडली होती, उशाशी बादली. मी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. डोळे पिवळे झाले होते.

“वन्सं, उठा. दवाखान्यात जायचंय.”

“आवं वैनी, बाई म्हनल्या इश्वास कमी पडतोय. आजून थोडं थांबूया.”

“विश्वास गाडीत ठेवा आणि चला.”

सांगलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे, त्यातला एक नळीत अडकलेला. तेलकट खाल्ल्यावर अशा पेशंटला कळ येणारच, हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला रडू आलं. आधी नळीतला खडा काढला, मग ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर वन्संनी पोटावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, “म्हंजी सासूला म्या फुकटच माफ केलं की, वैनी.”

एवढ्यानं संपायला हवं होतं. पण तोवर बाईंनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, आष्ट्याच्या आपल्या भगिनीचे क्षमेअभावी साचलेले खडे प्रभूनं बाहेर काढले, हालेलूया! खाली बाटलीचा फोटो. डॉक्टरांचा उल्लेखसुद्धा नाही. मला त्या बाईंचा संताप आलाच, पण खाली हात जोडणाऱ्या आमच्या बायकांचा जास्त आला. आमच्यातल्या निम्म्या घरांना ख्रिस्त भेटला तोच मिशनच्या दवाखान्यात. ज्यांनी इकडं दवाखाने काढले त्यांनी आधी हात धुवायला शिकवलं, मग प्रार्थना. तिथं शिकलेल्यांची नातवंडं आता पित्तावर तेल पितात.

महिन्याभरानं बाई पुन्हा आल्या आणि वन्संना प्रभूनं बरं केल्याची साक्ष द्यायला उभं केलं. वन्सं पदर सारखा करून म्हणाली, “प्रभूनं मला वाचिवलं, व्हय. पर डॉक्टरच्या हातानं वाचिवलं. त्या तेलानं मी मरायला टेकले हुते. कुनी पिऊ नगा.”

बाईंनी गोड हसून “आमेन” म्हटलं आणि सांगितलं, भगिनीच्या मनात थोडा कडवटपणा अजून शिल्लक आहे. त्या दिवशीही पावडर खपली. पाळकीणबाईंनी दोन पुडे घेतले.

मी मात्र भांडून पुढच्या सभेला, वन्संचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. माझ्या पोटफुगीवर त्यांनी रात्री लवकर जेवा, ताक घ्या, चाला, एवढंच सांगितलं होतं आणि त्याचा गुण आला होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. डॉक्टरबाई बद्धकोष्ठाबद्दल बोलल्या, शौचावाटे रक्त गेलं तर लाजून घरी बसू नका म्हणाल्या, तेव्हा बायका पदराआड हसल्या. पोटाला मंदिर म्हणताना यांना हसू येत नव्हतं.

चहा झाल्यावर सगळ्या निघाल्या. गायनमंडळातली एक बाई, वर्षभरात अर्धी वाळलेली, तेवढी थांबली. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. मग डॉक्टरबाईंजवळ बसून खाली मान घालून काहीतरी सांगू लागली. मी सभागृहाचा दरवाजा बाहेरून ओढून घेतला आणि कुणी आत जाऊ नये म्हणून पायरीवर बसून राहिले.