राखून ठेवलेली खोड

"तर आमचा मुलगा असा आहे," असं भाऊ म्हणाले की समजायचं, पाण्याचा पेला रिकामा झाला. त्याआधी ते मुलाबद्दल अवाक्षर काढत नसत. मागणी घालायला गेलेली माणसं मुलीच्या घरी टेकतात, पंखा मोठा केला जातो, येताना ट्राफिक लागलं का याची चौकशी होते, आणि मुलाचा बाप घाईने मुद्द्यावर येऊ लागला की भाऊ त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. "घाई कायकू? पाणी तर येऊ द्या." पाणी यायचं. ते सावकाश, तळ दिसेपर्यंत प्यायचे, पेला टिपॉयवर ठेवायचे, रुमालाने मिशी पुसायचे आणि मग ते वाक्य.

हैदराबादेतल्या आम्हा मराठी माणसांना असा माणूस लागतोच. आमचे आजे-पणजे उदगीर, बिदर, नांदेडकडून इथे आले. आता घरात निम्मं तेलुगू, निम्मं उर्दू आणि उरलं तर मराठी, असा कारभार असतो. मुलांना मराठी वाचता येत नाही आणि बापांना त्याचं फारसं दुःखही नसतं. पण मागणी घालायची वेळ आली की सगळ्यांना एकदम नीट मराठीत बोलणारा माणूस हवा असतो. तेव्हा नारायणगुड्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर भाऊंची बेल वाजायची.

ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. इमारतीतले प्लग आणि लोकांची लग्नं जुळवून देणं, हे दोन उद्योग ते फुकट करत.

त्यांची पद्धत अशी होती, की मुलाच्या खोडी आधी सांगायच्या. "मुलगा चहा बशीत ओतून पितो. शेजारच्या घरात ऐकू येतं." मुलाच्या आईचा चेहरा पडायचा. बाहेर आल्यावर ती कुरकुर करायची, तेव्हा भाऊ म्हणायचे, "आधी सांगितलं तर हसतात हो. मागून कळलं तर फसवलं म्हणतात." आणि खरोखरच लोक हसायचे.

खोडीनंतर ते दुसरी गोष्ट सांगत : मुलाला हीच मुलगी का हवी. ती मात्र त्यांना मुलाकडून काढून घ्यावी लागे. माझ्या भाच्याच्या वेळी मी तिथेच बसले होते. भाचा हायटेक सिटीत नोकरीला, मुलगी त्याने स्वतःच पसंत केलेली. घरच्यांच्या मागणीआधी तिला आपण काहीतरी मनापासून म्हणायला हवं, एवढं त्याला कळत होतं. त्याने इंटरनेटवरून एक मजकूर शोधून इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत उतरवला होता. भाऊंनी मला तो मोठ्याने वाचायला लावला. त्यात ती मुलगी सूर्योदय होती, श्वास होती आणि सागराचा किनाराही होती.

"हे कुणालाबी लागू पडतंय," भाऊ म्हणाले. "वॉचमनच्या बायकोला म्हटलं तरी चालतंय. हिच्याबद्दल सांग."

"भाऊ, चांगली आहे ती."

"चांगल्या लई हायेत सुलतान बाजारात. हीच का?"

भाचा माझ्याकडे बघू लागला. मी काय सांगणार? भाऊ आपले बिस्किट चहात बुडवत बसले. त्यांना कुठे जायचं नव्हतं. चहा संपला, बिस्किटं संपली, तेव्हा भाचा जमिनीकडे बघत म्हणाला, "गाडी चालवताना मी लई शिव्या देतो, भाऊ. ती बाजूला बसली की देत नाही. म्हणजे तोंड आवरतो असं नाही, मनातच येत नाहीत."

"हां," भाऊ म्हणाले. "हे झालं. हे तू तिला सांग. मोठ्यांना मी सांगतो."

त्यांनी ते सांगितलंही, शब्द न बदलता. मुलीच्या बापाचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलणारा तो माणूस हे ऐकून उठला आणि आत जाऊन बायकोला बाहेर घेऊन आला.

पण त्या बैठकीतली खरी गंमत वेगळी होती. समोर, मुलीच्या बाजूने, आमच्या निर्मलाबाई बसल्या होत्या. जामबागेतल्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे त्या माझ्याहून बऱ्याच वरिष्ठ शिक्षिका. लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नाही. गावातल्या निम्म्या मराठी मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या, म्हणून मुलीकडचे लोक त्यांना हमखास घेऊन जात. त्यामुळे मुलाकडून भाऊ आणि मुलीकडून बाई, असा सामना आम्ही कितीतरी घरांत पाहिला होता. भाऊंचं सगळं सांगून झालं की बाई चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "आणि? आणखी काय?"

त्या दिवशीही विचारलं. भाऊ जरा घुटमळले. "सकाळी उठवावं लागतं त्याला."

"कोण उठवतं?"

"आई."

"म्हणजे उद्यापासून हिने उठवायचं."

"नक्को नक्को, आम्ही दोन गजर लावून देतो."

सगळे खो खो हसले. परतताना ऑटोत मी भाऊंना चिडवलं, "बाईंनी पकडलं तुम्हाला." "पकडतात त्या," भाऊ म्हणाले, आणि आमची इमारत येईपर्यंत गालातल्या गालात हसत राहिले. मला वाटलं, लग्न जमलं म्हणून खूश असतील.

पुढे बाईंची निवृत्ती आली. शाळेजवळची भाड्याची खोली सोडून त्या कायमच्या नांदेडला, पुतण्याकडे राहायला जाणार होत्या. भाऊ आमच्या घराचा बिघडलेला प्लग उघडून बसले होते, तेव्हा मी बोलता बोलता हे सांगितलं. "हौ का," ते म्हणाले आणि स्क्रू फिरवत राहिले. प्लग लावून झाल्यावर त्यांनी तो परत उघडला. तो चांगला चालत होता.

दोन-चार दिवसांनी ते इस्त्रीचा शर्ट घालून वर आले.

"ताई, एका मागणीला चलायचंय."

"कुणाची?"

"हाये एक मुलगा."

"आणि मुलगी?"

"तुमच्या शाळेतली."

मी माझ्या जुन्या विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणू लागले. "काय करते?"

"यंदा रिटायर व्हायलीय," भाऊ म्हणाले.

मी खुर्चीत बसले. भाऊ उभेच होते. म्हणाले, "तुम्ही बोला माझ्याकडून. शनिवारी त्यांचं सामान जातंय. माझ्यानं नाही व्हायचं."

मला हसू येत होतं. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला : हीच का? भाऊ वर पंख्याकडे बघत म्हणाले, "चांगल्या हायेत."

"चांगल्या लई हायेत सुलतान बाजारात, भाऊ."

ते हसले, पण लगेच थांबले. "ताई, पोरं येऊन मला खरं सांगतात. ऐकायला मी असतो. मी कुणाला सांगू?" मी एवढंच म्हणाले, की येते, पण बोलणार नाही. पाणी तर येईल, मग बघू.

बाईंच्या खोलीत सगळीकडे खोकी होती. प्रत्येक खोक्यावर खडूने अक्षर सुवाच्य : पुस्तकं, कपडे, स्वयंपाक. बाई हातात सुतळी घेऊन शेवटच्या गाठी मारत होत्या. बाहेर ठेवलेल्या एकुलत्या एका पेल्यात त्यांनी भाऊंना पाणी दिलं. भाऊंनी ते संपवलं आणि आणखी मागितलं. तेही संपलं. पेला ठेवायला टिपॉय नव्हता, तो त्यांनी 'पुस्तकं'वर ठेवला. मिशी पुसली. मी मनात म्हटलं, आता हे उठून जाणार.

"तर आमचा मुलगा असा आहे," भाऊ म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघू लागले. इतकी वर्षं जीभ ज्या वाटेने गेली, तिच्याखेरीज दुसरी वाट तिला ठाऊकच नव्हती.

बाईंनी सुतळी खाली ठेवली. "कोणता मुलगा?"

"नारायणगुड्यातला. वीज खात्यात होता, पेन्शन आहे. वय झालंय. गुडघा दुखतो, जिना चढताना 'अय्यो' करतो. स्वयंपाकात खिचडी येते, ती पण पातळ. एकदा लग्न झालेलं आहे. बायकोचा फोटो भिंतीवर आहे, तो राहील."

"राहायलाच पाहिजे," बाई म्हणाल्या.

"बोलायला कुणी नाही म्हणून घरात रेडिओ लई मोठा लावतो."

बाईंनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. "आणि? आणखी काय?"

भाऊ रुमालाची घडी घालू लागले. मग बाईंनी असा प्रश्न विचारला, जो त्यांचा नव्हता, भाऊंचा होता. लग्न झालेल्या मुलींकडून तो त्यांच्यापर्यंत पोचला असणार. त्या म्हणाल्या, "मुलाला हीच का पाहिजे?"

"मुलगा दर बैठकीत एक खोड राखून ठेवायचा," भाऊ म्हणाले. "बाकीच्या सांगायचा, एक सांगायचा नाही. तुम्ही चष्मा काढून विचारावं म्हणून." ते थांबले. "मीच राखून ठेवायचो. फसवायचं नव्हतं कुणाला. तुम्ही नसतं विचारलं तर उठताना सांगणारच होतो. पण तुम्ही विचारायच्याच. घरी गेल्यावर मला ते लई दिवस पुरायचं. आता तुम्ही नांदेडला गेल्यावर मी कुणासाठी राखून ठेवू?"

खाली रस्त्यावर भाजीवाला तेलुगूत टोमॅटोचा भाव ओरडत होता. माझे डोळे भरून आले होते आणि रुमाल मिळत नव्हता.

"आणि मी इतकी वर्षं समजत होते की माझी नजर तेज आहे," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मुलीकडून बोलायला इथे कुणी नाही."

"मी आहे की."

"तू मुलाकडून आलीयस." त्यांनी चष्मा परत घातला. "ती सुतळी कापायची विळी दे इकडे."

विळीने त्यांनी 'स्वयंपाक' लिहिलेल्या खोक्याची सुतळी कापली. एवढी घट्ट बांधलेली, सकाळपासूनची मेहनत. कढई बाहेर काढली, पोळपाट काढला, पितळी डबे काढले, आणि अगदी तळातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला साखरेचा डबा. होकार द्यायचा तर आमच्याकडे साखर हातावर ठेवतात. भाऊंनी दोन्ही हात पुढे केले. ती साखर ते खाईनात, नुसते बघत बसले. शेवटी बाईंनाच दरडावून सांगावं लागलं, "खा आता, मुंग्या लागतील."

शनिवारी टेंपो आला, तो नांदेडऐवजी नारायणगुड्याला गेला. लग्न नोंदणी कचेरीत झालं, साक्षीदार मी, भाचा आणि त्याची बायको. भाऊंच्या रेडिओचा आवाज कमी झाला. बैठकांना मात्र दोघं पूर्वीसारखेच जात, भाऊ मुलाकडून आणि बाई मुलीकडून. एकाच ऑटोतून उतरून समोरासमोर बसायचे, आणि बाई चष्मा काढून विचारायच्या, "आणि?" घरातून निघताना भाऊ त्यांना राखून ठेवलेली खोड सांगत नसत. मी विचारून खात्री करून घेतली आहे.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. बाईंनी स्वतःच वर येऊन मला सांगितलं. आता भिंतीवर दोन फोटो आहेत. मला भाऊंची फार आठवण येते. प्लगजवळून जाताना तर येतेच.

मागच्या महिन्यात इमारतीतल्या एका मुलाचं लग्न ठरवायचं होतं. आता तर मजकूर शोधावाही लागत नाही, फोनच लिहून देतो. मुलाने तो आणून दाखवला. "हे कुणालाही चालेल," बाई म्हणाल्या, आणि चहा घेऊन त्याच्यासमोर बसून राहिल्या. मुलाच्या आईने त्यांना विचारलं, मुलाकडून तुम्ही याल का? त्या कधी त्या बाजूला बसल्या नव्हत्या. पण हो म्हणाल्या. मीही गेले.

पाणी आलं. परक्या घरचं पाणी बाई फक्त ओठाला लावतात. त्या दिवशी त्यांनी पेला तळापर्यंत संपवला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तर आमचा मुलगा असा आहे."

त्यांनी खोडी सांगितल्या. माणसं हसली. ही मुलगी का, ते सांगितलं, आणि मुलीच्या आईने पदर डोळ्याला लावला. मग बाई थांबल्या. एक खोड राहिली होती. ती मला ठाऊक होती, येताना मुलाच्या आईने आम्हा दोघींना सांगितली होती.

समोर मुलीचा मामा बसला होता. "वा, वा," तो म्हणाला, "इतकं मोकळं कोण सांगतं हल्ली! आम्हाला काही म्हणजे काही विचारायचं नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पोह्यांच्या बशा आल्या, चमचे वाजू लागले, दोन्हीकडची माणसं तारखांचं बोलायला लागली. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"झोपेत बोलतो तो," त्या म्हणाल्या. "तेवढं सांगायचं राहिलं होतं."