शेवटची ओळ नव्हती

रक्ततपासणीच्या पाच शाखांचं नेटवर्क एकहाती सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. कॉलेजचं तोंड न पाहता शिकलेला गडी. त्याचा ताठा होताच, वर जिभेला हाड नाही.

पाचवी शाखा उघडली त्याच दिवशी तिथल्या काउंटरवरच्या ताईंचा फोन. "मास्तर, बाकीच्या शाखा दिसतात हो. बाहेरचं काहीच उघडत नाही. डॉक्टरांना रिपोर्ट जाईनात."

मास्तरांनी ऑफिसातल्या खुर्चीतूनच पाचव्या शाखेच्या मशीनला संदेश धाडून पाहिला. तिथून उत्तर आलं. "नेटवर्क ठणठणीत आहे, ताई. तुम्हीच काहीतरी दाबलंत. तो मिक्सर नाही, दिसेल ते बटण फिरवायला!"

आजूबाजूचे खो खो हसले. मास्तरांनी लॅबच्या साहेबांना लेखी कळवलं: वापरणाऱ्याची चूक.

आठवडाभर ताई रिपोर्ट छापून पायी दवाखान्यांत पोचवत राहिल्या. एका बाळंतिणीचा रिपोर्ट उशिरा पोचला, नवऱ्यानं काउंटरवर येऊन तमाशा केला. साहेबांनी ठरवलं, उद्यापासून ही बाई नको.

तेव्हा कुठे मास्तर तिथे गेले. राउटरची सेटिंग उघडली. चारही शाखांकडे जाणाऱ्या वाटा जागच्या जागी. पण 'बाकी कुठेही जायचं तर इकडून' सांगणारी शेवटची ओळ, डिफॉल्ट रूट, नव्हतीच. ती मुख्य कार्यालयाकडून यायची. इथे 'घेऊ नको' अशी खूण होती. चौथ्या शाखेला स्वतःचं इंटरनेट, म्हणून तिथे ती खूण बरोबर. मास्तरांनी तिथली सेटिंग जशीच्या तशी इथे डकवली होती. शेजारी बदल करणाऱ्याचं नाव. त्यांचंच.

खूण काढली. साठलेले रिपोर्ट भराभर सुटले.

"शाब्बास!" तिथे आलेले साहेब म्हणाले. "काय करून ठेवलं होतं बाईंनी?"

ताई ड्रॉवरमधला आपला डबा, चष्मा पिशवीत भरत होत्या. मास्तर गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं?

"त्यांनी काही केलं नाही. चूक माझी. त्यांनी पहिल्याच दिवशी नेमकं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझा तो कागद फाडा, साहेब."

साहेबांनी खाकरून ताईंना बसायला सांगितलं. ताई बसल्या.

"चुकलो, ताई."

"फोनवर चारचौघांत माझं हसं केलं होतंत, मास्तर," ताई म्हणाल्या. "आता त्या चौघांनाही सांगा."

मास्तरांनी मान खाली घालूनच फोन काढला.