बाबांची चिमूट आणि टँकमधले काटेरी किडे

टँकवाल्या दोस्तहो, आज आपण जिंकलो.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये काटेरी किडे इतके वाढले होते, की चिमट्यानं काढून काढून मी थकलो. ते माशांच्या उरलेल्या दाण्यांवर पोसतात, पण मी तर मोजकेच दाणे टाकत होतो.

मग दिसलं, जेवणाआधी बाबाही रोज माशांले चिमूटभर टाकून राहिले. थांबा म्हटलं, तर म्हणाले, "त्यांले उपाशी ठेवून मी जेवू काय?"

म्हणून मीच टाकणं सोडलं. आज किड्यांसाठी लावलेला सापळा काढला, तर आत एकच किडा. कोरलही मस्त फुललं.

किडा फेकायले निघालो, तर बाबा म्हणाले, "राहू दे. उष्टं काढायले कोणी तर पाहिजे."

बरोबरच होतं. सोडला परत.

तुमच्या माशांले घरात कोण कोण चारते, विचारलं काय कधी?