माझ्या झोपेचं गाऱ्हाणं

माझ्या मरणासाठी आमच्या घरात एका रविवारी रीतसर देवाला साकडं घातलं गेलं, आणि त्याला सगळ्यांत मोठ्या आवाजात होकार मीच दिला.

तसा कुणाचा माझ्यावर राग नव्हता. (सासूबाईंचा असेल, पण तो देवापर्यंत नेण्याइतका नाही.) सुरुवात झाली तापापासून. घोडपदेवला आमच्या मजल्यावर तेव्हा कसलासा व्हायरल घरोघर फिरत होता. आमच्याकडे आला तो थेट माझ्याकडे. सहा दिवस ताप, अंग ठेचून काढल्यासारखं, तोंडाला चव नाही. सातव्या दिवशी ताप गेला आणि जाताना माझी झोप घेऊन गेला.

पहिल्या दोन रात्री मी मनावर घेतलं नाही. आठवडा झाला तेव्हा चरकले. तिसऱ्या आठवड्यात पार घाबरले. अंथरुणावर पडलं की छातीत धडधड सुरू. आज नाही आली तर? उद्याही नाही आली तर? शेजारी नवरा, म्हणजे सुहास, उशीला डोकं टेकताक्षणी घोरायला लागायचा आणि मला त्याचा खून करावासा वाटायचा. माणूस न झोपता किती दिवस जगतो, हे मी एकदा मोबाइलला विचारलं. ते विचारायचं नसतं. मोबाइलनं मला चार आजार सुचवले. त्यातला एक तर इतका दुर्मीळ होता, की झाला असता तर डॉक्टरांच्या पुस्तकात माझा फोटो आला असता.

आमचे डॉक्टर लालबागला बसतात. ते माझ्या चार आजारांवर नुसते हसले.

"अहो, व्हायरलनंतर होतं असं. काही आठवडे जातील. दुपारी झोपू नका, रात्री मोबाइल नको, घड्याळ बघू नका, आणि सकाळी ठरल्या वेळी उठा."

"उठायला आधी झोपावं लागतं ना, डॉक्टर?"

"मॅडम, तुम्ही विचार फार करता."

हे निदान माझ्या आईनं मी दुसरीत असतानाच केलं होतं, तेही फी न घेता.

मग घरचे उपाय सुरू झाले. सासूबाईंनी दुधात जायफळ उगाळून दिलं, तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळलं, उशीखाली काय काय ठेवलं ते मी बघितलं नाही. सुहासनं झोप मोजणारं घड्याळ आणून माझ्या मनगटाला बांधलं. ते रोज सकाळी मला शंभरपैकी मार्क द्यायचं. पहिल्या दिवशी बावीस, दुसऱ्या दिवशी एकोणीस. जन्मात कधी नापास न झालेली बाई मी, आता चहाच्या आधीच नापास व्हायला लागले. तिसऱ्या दिवशी घड्याळ सुहासच्या हाताला बांधलं. त्याला चौऱ्याण्णव पडले आणि तो ते सगळ्या चाळीला दाखवत हिंडला.

मी दादरच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. माझं माहेर गिरगावचं. शब्द जपून वापरावा, वाक्प्रचार जागच्या जागी बसवावा, हे तिथं बाळकडूत मिळतं. सासर मालवणी, तिथं शब्द भडाभडा येतात आणि मी पंचवीस वर्षं ते निमूट दुरुस्त करत आले आहे. (निमूट नाही, असं सुहास म्हणतो.) तर पाचव्या आठवड्यात एकदा मी वर्गात हजेरी घेतली. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून घेतली. आणि दुसऱ्या वेळी एका गैरहजर मुलीच्या नावाला मीच "हजर" म्हटलं. वर्ग खदखदून हसला. मी स्टाफरूमच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मला खरंच भीती वाटत होती. झोप गेली तर गेली, पण डोकंच चालेनासं झालं तर शिकवणार काय आणि खाणार काय? मी वेडी होत चालले आहे, अशी माझी खात्री पटत चालली होती.

घरी आले तर सासूबाईंनी माझा चेहरा बघितला आणि निकाल दिला.

"आता गाऱ्हाना घालूचा. भाऊक सांगतंय मी."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्यानं केलेली तक्रार-कम-विनंती. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणून पाठिंबा द्यायचा. भाऊ म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर, आमचे भाऊकाका. पलीकडच्याच चाळीत राहतात. पंचाहत्तरी उलटली, पण गाऱ्हाणं घालायला लागले की आवाज रस्त्यापलीकडे जातो. आधी मी नाक मुरडलं असतं. पण पाच आठवडे जागं राहिलेल्या माणसाला नाक मुरडायचीही ताकद नसते. मी "बरं" म्हटलं.

रविवारी सकाळी भाऊकाका नारळ घेऊन आले. पाठोपाठ मजल्यावरचे शेजारीही आले, कारण भाऊकाकांचं गाऱ्हाणं सहसा कुणी चुकवत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा जण भाऊकाकांच्या मागे देव्हाऱ्याकडे तोंड करून दाटीवाटीनं उभे राहिलो. सासूबाईंनी भाऊकाकांना आधीच बजावलं.

"नीट सांग हां भाऊ. देव सबदात पकडता. बाबल्याच्या पोराक नोकरी मिळांदे म्हटलंस आणि अकरा म्हयन्यांची गावली. कायमची म्हणूक इसारलंस."

"ता माझ्या ध्यानात आसा गे वैनी," भाऊकाका जरा लागल्यासारखे म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरां हय मुंबैत पोट भरूक इली, तेंका तू आजपावत सांभाळलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी सून, शाळेत शिकयता, पोरांका शाणी करता. हिका तापान धरला. ताप गेलो, पण हिची झोप गेली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर मी नुसती उभी होते. पण माझ्या झोपेसाठी अकरा माणसं रविवार सोडून देवाशी भांडतायत, हे बघून मला भरून आलं. पुढच्या "व्हय म्हाराजा"ला माझाही आवाज मिसळला. त्याच्या पुढच्याला तो इतरांच्या वर गेला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला धीर आल्यासारखं वाटलं.

"जा काय वाकडानाकडा झाला आसात ता पोटात घाल, जी काय इडापिडा आसात ती भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हिका रात्रीची झोप..." भाऊकाका म्हणाले. सासूबाई खाकरल्या. भाऊकाकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि सगळी शक्ती लावून म्हणाले, "नुसती एका रात्रीची नको, बदलीची नको, हिका कायमची झोप लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकरा जण गरजले. त्यात दहा आवाज एकीकडे आणि माझा एकटीचा एकीकडे.

नारळ फुटला. खोबरं वाटलं गेलं. मी तुकडा तोंडात टाकला, चावायला सुरुवात केली आणि थांबले. मागच्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं : कायमची झोप लागणे, म्हणजे मृत्यू पावणे. दोन गुण.

"भाऊकाका," मी म्हटलं, "तुम्ही काय मागितलंत?"

"झोप."

"कसली झोप?"

"कायमची."

पहिल्यांदा सुहासला कळलं, कारण त्याच्या घशात खोबरं अडकलं. मग एकेक करून सगळ्यांना कळत गेलं. शेजारच्या काकू "आम्ही येतो" म्हणाल्या आणि प्रसादाचं खोबरं हळूच ताटात परत ठेवून गेल्या.

"मागे घ्या," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता मागे घ्या ते."

भाऊकाकांचा चेहरा पडला. "माझा काय चुकला? बदली म्हंजे काय ता तुका म्हायत नाय गो. नऊ वर्सां मी मिलच्या गेटावर बदली म्हणान उभो रवलंय. कोण गैरहजर रवलो तर त्या दिवसाचा काम. नायतर चल घराक. सकाळी निघताना म्हायत नसायचा, आज काम आसा की नाय. तुझ्या झोपेचा तसाच झाला ना? इली तर इली. म्हणान मी कायम मागलंय. कायमपेक्षा बरो सबद खयचो आसा?"

त्या माणसानं स्वतःला नऊ वर्षं जे मिळालं नव्हतं, ते माझ्यासाठी मागितलं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी जीवाची भीतीही वाटली.

"पण देव शब्दात पकडतो ना, आई?" मी सासूबाईंकडे वळले.

"पकडता," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही.

"मग दुसरं गाऱ्हाणं घाला."

"एकाच दिवसात दोन?" भाऊकाका म्हणाले. "देव म्हणतलो, ही माणसां पिसाळली काय. उद्या सकाळी नवो नारळ घेवन येतंय. आजची रात काड."

आजची रात्र काढ! पाच आठवडे मी झोप यावी म्हणून तडफडले होते. त्या रात्री तिनं येऊ नये म्हणून कंबर कसली. मी शास्त्र मानणारी बाई. भाषेत लक्षणा असते, शब्द दर वेळी शब्दशः घ्यायचा नसतो, देवालाही ते कळत असणार, हे मी स्वतःला दहादा सांगितलं. पण पाच आठवडे न झोपलेलं डोकं असलं काही ऐकून घेत नाही. संध्याकाळी सातला मी पहिली कॉफी घेतली. आठला सुहासला बँकेची कागदपत्रं कुठं आहेत ते दाखवलं.

"अगं, वेडी आहेस का तू?"

"तेच तर महिनाभर विचारतेय मी."

आणि नऊ वाजता, पाच आठवड्यांत जे झालं नव्हतं ते झालं. मला जांभई आली. साधीसुधी नाही, जबडा दुखवणारी. मी घाबरून उभी राहिले. उभ्याउभ्या डोळे मिटायला लागले तेव्हा तोंडावर पाणी मारलं. सासूबाई मला जागं ठेवायला गावच्या जमिनीच्या वाटणीची गोष्ट सांगायला लागल्या. ती ऐकून तर वकीलसुद्धा झोपतात. शेवटी मी खुर्चीत ताठ बसले आणि सुहासचा हात घट्ट धरला.

"सुहास, मला खरंच भीती वाटतेय रे."

तो हसला नाही. चौऱ्याण्णव मार्कांचा माणूस, पण खुर्ची ओढून समोर बसला. "मग नको झोपूस. मी बसतो ना इथे. तू बोलत राहा. काहीही बोल."

मी बोलायला लागले. मला वाटतं, मी त्याला लक्षणा आणि व्यंजना यांतला फरक समजावत होते. लक्षणा पूर्ण झाली. व्यंजनेचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी पलंगावर होते, खिडकीतून ऊन येत होतं आणि साडेदहा वाजले होते. माझ्याभोवती सासूबाई, भाऊकाका आणि शेजारच्या काकू उभ्या होत्या. काकूंच्या हातात छोटा आरसा होता, तो त्यांनी पदराआड लपवला. सुहासचे डोळे लाल झाले होते. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी त्यानं माझ्या नाकाखाली बोट धरलं होतं. शाळेत फोन करून माझी रजाही त्यानंच टाकली होती.

"आसा हां, जिती आसा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. बारा तास झोपले होते मी. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

भाऊकाकांच्या हातात नवा नारळ होता. त्यांनी घसा साफ केला. "आता काय करूया? तो कायमचो सबद काडूया? पण काडलंय आणि झोप परत गेली तर मगे माका बोलू नको."

डॉक्टर म्हणाले होते, झोप आपोआप येईल. ती आपोआपच आली असणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. पण धोका कोण पत्करणार? शब्द काढला तर झोप जाणार, ठेवला तर मी जाणार. सगळे माझ्याकडे बघत होते.

"तूच सांग," भाऊकाका म्हणाले. "तू मास्तरीण. सबद तुझो, आवाज माझो."

मी पलंगावर मांडी घातली, डोळे मिटले आणि जन्मभराची मराठी पणाला लावली. पाच मिनिटांनी मजकूर तयार झाला. कायमची झोप तशीच ठेवायची, फक्त तिला एक वाक्य जोडायचं. मी ते कागदावर उतरवून दोनदा तपासलं, सुहासला वाचून दाखवलं, मग भाऊकाकांना दिलं. त्यांनी ते टोपी सारखी करून, जसंच्या तसं देवापुढे गर्जून सांगितलं : "आणि हिका दररोज सकाळी साडेसहाक न चुकता जागी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. झोप हळूहळू रुळावर आली, आता अकराला लागते ती गाढ लागते. डॉक्टर म्हणतात व्हायरल ओसरला, भाऊकाका म्हणतात कायम झाली, आणि मी दोघांनाही हो म्हणते. पण सकाळी बरोबर साडेसहाला माझे डोळे टक्क उघडतात. दिवाळीच्या सुटीत उघडतात, मे महिन्यात उघडतात. सगळी चाळ साखरझोपेत असताना मी एकटी अंथरुणात बसून विचार करत असते, की पंचवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला त्या वाक्यात "रविवार सोडून" हे दोन शब्द घालायचं कसं सुचलं नाही.